ओपन किचनचं लायटिंग: आधी सावली बघा, मग झुंबर

आमचा फ्लॅट ठाण्यात घोडबंदर रोडला, बिल्डरनेच किचन उघडं दिलेलं, म्हणजे सोफ्यावर बसलं की थेट शेगडी दिसते. इंटिरियरवाल्याने पीओपीच्या मधोमध सहा गोल लाइट लावून दिले, अगदी मोजून मापून, फोटोत काय भारी दिसायचं. राहायला आलो आणि दुसऱ्याच संध्याकाळी सासूबाई मेथीची जुडी नि ताट घेऊन हॉलमधल्या ट्यूबखाली जाऊन बसल्या. म्हटलं आई, काय झालं? तर म्हणाल्या, "अगं तुझ्या ओट्यावर मला माझीच सावली दिसते, मेथी कुठे दिसते?"

झालं होतं ते साधंच. ओट्याशी उभं राहिलं की छताच्या मधला लाइट आपल्या पाठीमागे येतो, मग डोक्याची सावली बरोब्बर विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर. तिथे अजून चार लाइट वाढवले तरी सावल्याच वाढतात, उजेड नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं, लाइट शेवटी ठरवायचे नाहीत, लेआउटबरोबरच ठरवायचे, आणि छत बघून नाही तर हात कुठे चालतात ते बघून.

रिकामा फ्लॅट मिळाला की मास्किंग टेप आणा आणि जमिनीवर सगळं खऱ्या मापात आखा. ओट्याची खोली साधारण २ फूट, समोरासमोर दोन ओटे असतील किंवा मध्ये आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा, करत असाल तर मधली वाट साडेतीन फूट तरी ठेवा, नाहीतर एक जण पोळ्या करतोय आणि दुसऱ्याला फ्रिज उघडायचाय की रोजची धक्काबुक्की. सिंक आणि शेगडीच्या मध्ये दोन-अडीच फूट मोकळा ओटा हवाच, खरं काम तिथेच होतं. फ्रिज डायनिंगच्या बाजूला आला तर उत्तम, म्हणजे गार पाण्यासाठी प्रत्येक जण फोडणीच्या मध्ये येत नाही. चार जणांचं टेबल साधारण ४ बाय अडीच फूट धरा, आणि टेबलाच्या कडेपासून मागे ३ फूट सोडा, कारण खुर्ची मागे सरकवून माणूस बसला की त्याच्या पाठीमागून वाट राहते का हेच लोक विसरतात. टेपवर खरी खुर्ची ठेवून बसून बघा, हसू नका, आमचं सहाचं टेबल या एका गोष्टीने चारचं झालं.

आता ओटा. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी, यावर पैसे वाचवू नका, वाचवायचे तर झुंबरावर वाचवा. पट्टी भिंतीला चिकटून नको, कपाटाच्या पुढच्या कडेला हवी, म्हणजे उजेड ओट्याच्या मध्यावर पडतो, नाहीतर नुसत्या टाइल्स चमकत बसतात. अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची खाच, आणि त्यावर दुधी कव्हर घ्याच, उघडी पट्टी लावली तर काळ्या ग्रॅनाइटमध्ये ठिपक्यांची रांग दिसते आणि तेलाचा चिकटा पुसताही येत नाही. मीटरला ८-१० वॉट पुरतात. समजा ४ मीटर पट्टी, मीटरला १० वॉट, म्हणजे ४० झाले, तर ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा छोटा डबा, ५० किंवा ६० वॉटचा घ्या, काठोकाठ नको. एल आकाराचा लांब ओटा असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी बरी, टोकाला उजेड कमी पडत नाही. आणि ड्रायव्हर हात पोचेल अशा जागी, कपाटावर वगैरे, पीओपीत गाडू नका, कधीतरी तो जाणारच आणि मग छत फोडायचं का?

रंगाचं बोलू. आपल्याकडे ट्यूबची सवय म्हणून दुकानदार ६५०० केल्विनचा पांढराफेक लाइट पुढे करतो. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. ओट्याला ४००० आणि जेवायच्या टेबलावर ३००० घ्या, उघड्या जागेत दोन्ही एकदम दिसतात तरी हा फरक खटकत नाही, पण ६५०० शेजारी ३००० म्हणजे अर्धं घर दवाखाना नि अर्धं लग्नाचा हॉल. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा जास्त लिहिलाय का ते बघा. कमी सीआरआयच्या उजेडात सोलकढी राखाडी दिसते, पापलेटचे कल्ले ताजे लाल आहेत का तेही नीट कळत नाही. एकदम बरंच सामान घ्यायचं असेल तर मुंबईला लोहार चाळीत एक चक्कर मारा, मस्जिद किंवा सीएसएमटीला उतरून, पण निवडलेला लाइट तिथेच पेटवून त्याखाली आपला हात धरून बघा, हात आजारी दिसला तर तो लाइट नको.

टेबलावर लटकता दिवा हवाच असेल तर टेबलाच्या वर ३० ते ३४ इंचांवर, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. पण गणपतीत काय करणार? आमच्याकडे मखरासाठी टेबल भिंतीला जातं आणि मग तो दिवा रिकाम्या जागेत येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागतो. म्हणून वायर जास्त ठेवून छताला दुसरा हुक मारून घेतला, दहा दिवस दिवा तिकडे अडकवून वर घ्यायचा.

पंख्याचं कोणीच सांगत नाही. गोल लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर आला की पाती उजेड कापत राहतात आणि ताटावर सारखी फडफड, दहा मिनिटांत डोकं दुखतं. १२०० मिमीचा पंखा म्हणजे मध्यापासून २ फूट पाती, तर लाइट मध्यापासून ३ ते साडेतीन फूट लांब ठेवा. पंखा शेगडीच्या फार जवळ पण नको, ज्योत हलते. चिमणीचा पाइप जितका आखूड आणि कमी वळणांचा तितकं बरं, नाहीतर बोंबील तळले की उशांना वास.

स्विच वेगळेवेगळे: ओट्याची पट्टी एक, छताचे लाइट एक, टेबलाचा दिवा एक, तोही टेबलावर बसल्या हाताशी. पाहुणे जेवायला बसले की किचनचे दोन्ही बंद करायचे, सिंकमधला खरकट्या भांड्यांचा ढीग अंधारात गायब. उघड्या किचनचा हा एकच खरा उपाय, बाकी सगळं मासिकातलं.

आपल्या इथल्या नव्या टॉवरमध्ये, घोडबंदरला काय नि खारघरला काय, पुष्कळ ठिकाणी मायवान पद्धतीचं काम असतं, म्हणजे आतल्या भिंतीपण काँक्रीटच्या. तिथे वायरसाठी भिंतीला छिन्नी लावायची नाही, सोसायटी अडवते आणि बरोबरच अडवते. मग वायर फॉल्स सीलिंगमधून आणायची आणि कपाटांच्या मागून खाली उतरवायची, म्हणजेच सुताराने कपाटं ठोकायच्या आधी इलेक्ट्रिशियन येऊन गेला पाहिजे. पाइप गॅस असेल तर शेगडीची जागा हलवायच्या आधी गॅस कंपनीकडूनच लाइन हलवून घ्या, प्लंबरला हात लावू देऊ नका.

आणि पीओपीचे बोर्ड चढायच्या आदल्या दिवशी स्वतः जा. उघड्या छताचे, वायरींचे फोटो काढा, फोटोत भिंतीपासून मेजरिंग टेप धरलेली दिसू दे. पुढे दिव्याचा हुक मारताना ड्रिल कुठे घालायचं नाही ते त्या फोटोतच सापडतं.