मे महिन्यातही टिकेल असा गेमिंग पीसी: नागपूरकरांसाठी

गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना हिशेब मे महिन्याचा धरा. बाहेर ४५ अंश असताना आपल्या खोलीत ४० असू शकतात. पार्टचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ दाखवत असेल, तर मे महिन्यात तोच ९० गाठतो. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो आणि गेम अडखळतो. म्हणून हिवाळ्यात जुळवलेलं मशीन तपासताना आकड्यात १८ मिळवूनच बघा.

कॅबिनेटला समोर काच नको, जाळी हवी. १२० मिमीचे दोन पंखे समोरून हवा आत ओढणारे, मागचा एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. जाळीमागचा फिल्टर पंधरवड्याला झाडा. आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीत खुशाल लावा, पण झोत कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार मदरबोर्डावर वाळले की क्षारांचा पांढरा थर बसतो, त्यात ओल धरली की शॉर्ट होतो.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, सगळ्यात जास्त चुका होतात. खोक्यावरचं ‘८० प्लस ब्रॉन्झ’ फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, आणि ती चाचणी २३ अंशांवर होते. पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत मिळतात, ४० की ५०, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा; ५०वालाच घ्या. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट खातं, प्रोसेसर ८८, बाकी सगळं ६०-७०. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. चांगला ५५० वॅटचा भरपूर झाला. यूपीएस मात्र १००० व्हीएचा घ्या. ६००वाले बहुतेक ३६० वॅटच देतात आणि मॉनिटर जोडला की फार काही उरत नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन किंवा १६च्या दोन, एकच मोठी काडी नको. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो हे रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग चालू केलं नाही तर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम बहुधा ४८००वरच धावते.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदी केली तर बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘कॉम्प्युटर सेट’ लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी अडकतं.

घरी आणल्यावर सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात माती सुकते, अर्थिंग कमजोर होतं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात; अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.