कंट्रोल चार्ट कसा लावावा: सरासरी आणि रेंजचा तक्ता

लेथवर २५.०० ± ०.०५ मिमी व्यासाचा शाफ्ट निघतो आहे असे धरू. जॉब (तयार झालेला नग) टॉलरन्समध्ये, म्हणजे ड्रॉइंगने दिलेल्या ±०.०५ च्या मुभेत आहे की नाही, हे गेज सांगतोच. मशिन कालच्यासारखेच चालले आहे का, हे मात्र कंट्रोल चार्ट सांगतो: वेळोवेळी घेतलेली मापे बिंदूंनी दाखवणारा आलेख, मध्ये सरासरीची रेषा आणि वर-खाली मर्यादेच्या रेषा. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कामात पहिला असा चार्ट मांडला तो याच प्रश्नासाठी.

आधी मोजण्याचे साधन तपासा. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक न वाचणारा) व्हर्निअर इथे निरुपयोगी आहे. त्यावर रेंज (गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक) ०, ०.०२ किंवा ०.०४ अशीच येईल आणि चार्टवर नुसत्या पायऱ्या दिसतील. ०.००१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर घ्या.

मग दर तासाला लागोपाठ निघालेले पाच जॉब मोजा. लागोपाठचेच हवेत. दोन मशिनचे जॉब एका गटात मिसळले, तर त्या मशिनमधला फरक रेंजमध्ये शिरतो, मर्यादा फुगतात आणि खरा बिघाड त्यात लपून जातो. चार्ट ‘नेहमी छान’ दिसत असेल, सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून असतील, तर पहिला संशय याच मिसळीचा घ्यावा.

असे किमान २५ गट जमवा. प्रत्येक गटाची सरासरी काढा, आणि सर्वांत मोठ्या मापातून सर्वांत लहान वजा करून रेंज काढा. समजा सर्व सरासऱ्यांची सरासरी २५.००४ आणि रेंजची सरासरी ०.०२० आली. पाचच्या गटासाठी गुणक ठरलेले आहेत: सरासरीच्या चार्टसाठी ०.५७७, रेंजच्या वरच्या मर्यादेसाठी २.११४, रेंजची खालची मर्यादा शून्य.

०.५७७ × ०.०२० = ०.०११५. म्हणून सरासरीच्या मर्यादा २५.०१५५ आणि २४.९९२५. रेंजची वरची मर्यादा २.११४ × ०.०२० = ०.०४२. गटात चार किंवा सहा जॉब घेतले तर गुणक बदलतात.

या आकडेमोडीत ड्रॉइंगवरचे ±०.०५ कुठेच आले नाही, आणि येताही कामा नये. चार्टवर टॉलरन्सच्या रेषा ओढणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चार्टवरचा बिंदू पाच जॉबच्या सरासरीचा असतो, टॉलरन्स एकेका जॉबला लागू होतो. सरासरी आत असूनही त्यातला एखादा जॉब रिजेक्ट असू शकतो.

वाचताना रेंजचा चार्ट आधी बघा. सरासरीच्या मर्यादा रेंजवरूनच निघतात, त्यामुळे रेंज बेभरवशाची असेल तर पुढचे सगळे फोल. मग हे पाहा:

– एखादा बिंदू मर्यादेबाहेर
– मधल्या रेषेच्या एकाच बाजूला लागोपाठ आठ बिंदू
– सरासरी हळूहळू वर सरकणे. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे कापणारे टोक) झिजला की व्यास असाच वाढत जातो

सुरुवातीच्या २५ गटांतला एखादा बिंदू बाहेर असेल, तर कारण सापडून ते दूर झाल्यावरच तो गाळा. बिंदू नकोसा दिसतो म्हणून गाळू नये.

यातले काहीही दिसत नसेल, तर ऑफसेटला (टूलची जागा सुधारण्यासाठी मशिनमध्ये दिलेल्या आकड्याला) हात लावू नका. एक बिंदू जरा वर गेला की ऑफसेट कमी, पुढचा खाली आला की वाढव, अशी खेळी केल्याने फरक कमी न होता वाढतो, कारण मशिनच्या नैसर्गिक चढउतारात आपली ढवळाढवळ मिसळते. मशिन ठीक असूनही सुमारे ३७० बिंदूंमागे एखादा उगाच बाहेर पडतोच. तरी प्रत्येक वेळी कारण शोधायचेच.

काय शोधायचे ते चार्टशेजारी लिहून लावा: इन्सर्ट, क्लॅम्पिंग, कूलंट, कच्च्या मालाचा लॉट, मायक्रोमीटरचा शून्य. इन्सर्ट बदलला, शिफ्ट बदलली, की त्याच वेळी चार्टवर नोंद करा. नोंदी नसलेल्या चार्टवरून तीन दिवसांनी काहीच उलगडत नाही.

मर्यादा दर महिन्याला नव्याने काढू नका, नाहीतर हळूहळू बिघडणाऱ्या मशिनबरोबर त्याही सरकत जातील. प्रक्रियेत मुद्दाम बदल केला, जसे नवे फिक्स्चर किंवा इन्सर्टची वेगळी ग्रेड, आणि त्याचा परिणाम चार्टवर दिसला, तरच पुन्हा २५ गट घ्या.