फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये टाके आणि नक्षी एकसारखी येत नाही? या चुका टाळा

माझी मशीनवरची पहिली गोधडी मी आजीच्या पद्धतीने शिवली. आजी कडेपासून धावदोरा घालत चारही बाजूंनी फिरत आत यायची, शेवटचा दोरा बरोबर मधोमध संपायचा. मीही तसंच केलं, आणि मधे पोहोचले तेव्हा तिथे परातीएवढा फुगा. आजी दर ओळीला तळहाताने कापड सारखं करायची. मशीनखाली मात्र वरचं कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं आणि सगळं एका जागी साचतं. म्हणून मशीनवर उलटं करायचं, मधून सुरुवात आणि कडेकडे बाहेर. त्याआधी दर चार बोटांवर सेफ्टी पिन किंवा कच्चा टाका. यात आळस केला की पुढची सगळी नक्षी वाकडी.

आता मुख्य दुखणं: टाका कुठे मोठा, कुठे बारीक. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कोणत्याही यंत्रमागवाल्याला विचारा, इंचात आडवे धागे किती बसणार हे मागाच्या चाकाचे दाते ठरवतात. विणकराच्या हातात ते नसतं. साध्या शिलाईतही मशीनचे दात कापड मोजून पुढे नेतात. फ्री मोशनमध्ये आपण तेच दात खाली पाडतो आणि कापड हातानेच सुईखाली फिरवत नक्षी शिवतो. म्हणजे दातांचं काम आता तुमच्या हातांकडे आलं. हात जोरात आणि मोटर हळू, तर टाका लांब. मोटर जोरात आणि हात हळू, तर टाक्यांचा चिखल.

बहुतेकींचा हात गोलाईवर पळतो आणि टोकावर अडखळतो. पानाच्या टोकाशी टाक्यांची गाठोडी दिसतात ती यामुळेच: पुढे कुठे जायचं हे ठरेपर्यंत हात थांबतो, पाय मात्र पेडलवर तसाच. यावर माझा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. वीतभर तुकड्यावर एक इंचाच्या रेघा आखा, पाच सरळ आणि पाच वळणाच्या, त्यावर शिवा आणि टाके मोजा. इंचाला १० ते १२ आले तर उत्तम. सरळ रेघेवर ११ आणि वळणावर ७ येत असतील तर दोष कुठे आहे ते तुम्हालाच कळेल. पेडलचा वेग एकाच ठिकाणी धरून ठेवा आणि फक्त हात बदला. दोन्ही एकदम सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही. पायमशीन असेल तर आधी पायाची लय बसवा, त्याला आठवडा जातो.

टेन्शनला सगळ्यात शेवटी हात लावा

काही बिघडलं की पहिला हात टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याच्या ताणाच्या, स्क्रूवर, ही आपल्याकडची जुनी खोड. मीही एकदा तो स्क्रू फिरवत अख्खी दुपार घालवली आणि शेवटी कळलं की फूटच वर राहिला होता. फ्री मोशनला लावतात तो डार्निंग फूट खाली केला तरी कापडापासून जरा उचललेला दिसतो, त्यामुळे फूट खाली करायची दांडी पाडायची राहून जाते. दांडी वर असेल तर वरच्या दोऱ्याला ताणच नसतो आणि खाली गुंता होतो.

म्हणून क्रम असा ठेवा: दांडी, मग दोरा पुन्हा ओवणे, मग नवी सुई, मग बॉबिनखालचा भुरा ब्रशने काढणे. साधारण आठ तास शिवल्यावर सुई बदलायचीच. सुती थरांना १४ नंबर, जाड असेल तर १६. एवढं करूनही उलट बाजूला वळणांवर पापणीच्या केसांसारखे दोरे दिसत असतील, तर बहुधा हात वळणावर पळतोय. आधी वेग कमी करा. तरीही राहिले तर वरचं टेन्शन थोडं घट्ट. उलट, खालचा दोरा सुलट बाजूला ठिपक्यासारखा वर येत असेल तर वरचं सैल करा. वर-खाली एकाच रंगाचा दोरा घ्या, उन्नीस-बीस झाकलं जातं.

भरणाबद्दल, म्हणजे गोधडीच्या थरांमधे घालतात त्याबद्दल, एक सोलापुरी चूक सांगते, कारण ती मी केली आहे. घरात जुनी चादर असतेच, तीच आत घालायचा मोह होतो. जुनी, धुऊन मऊ झालेली असेल तर हरकत नाही, आटायची ती आधीच आटलेली असते. पण गोधडी जड होते, टेबलावरून लोंबणारं वजन सुई वाकवतं आणि नक्षी खाली खेचली जाते. डाव्या बाजूला खुर्ची आणि मागे इस्त्रीचं टेबल लावा, सगळं वजन वर उचलून ठेवा. टर्किश टॉवेल मात्र आत घालू नका. त्याच्या फाशांवर वरचा थर सरकत राहतो.

हातांचंही तसंच. दोन तळव्यांमध्ये जेवढं कापड येतं तेवढंच शिवायचं, मग सुई कापडात खाली ठेवून थांबायचं आणि हात सरकवायचे. चालत्या मशीनवर हात सरकवले की तिथे हमखास हिसका दिसतो. पकड येण्यासाठी ग्रिपचे हातमोजे चांगले, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ते कोण घालणार? नोटा मोजताना बोटांत घालतात त्या रबरी टोप्या दोन-दोन बोटांना लावा. उरलेला तळवा मोकळा राहतो.

नक्षी मोठी-लहान होते, ती आधी कागदावर सुधारा

वळणावळणाची नक्षी सुरुवातीला बोटभर अंतराने असते आणि दोन बॉबिन संपेपर्यंत तळहातभर होते. थकवा हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे नजर सुईवर असते. सुई जिथे आहे तिथलं काम झालेलं असतं, नजर इंचभर पुढे हवी. आधी वहीत पेन न उचलता तीच नक्षी दहा पानं काढा. हाताला वळण कागदावर लागतं, कापड महागात पडतं. मग कापडावर खडूने ठिपक्यांच्या रांगोळीसारखे एकेक इंचावर ठिपके द्या, दर ठिपक्याला एक वळण. रेघ पूर्ण आखू नका. रेघेवरून सुई घसरली की घाबरून हात आखडतो, ठिपका तेवढा धाक घालत नाही. रोज बसताना पहिली दहा मिनिटं टाकाऊ तुकड्यावर, आणि कालचा तुकडा शेजारी पिन करून ठेवा, माप त्यावरून घ्या.

उसवायचं काय आणि सोडायचं काय? एखादं वळण मोठं झालं तर सोडा, पहिल्या धुण्यात कापड चुरमुरतं आणि ते शोधूनही सापडत नाही. पापण्या आल्या असतील तर उसवाच, त्या सैल दोऱ्यात पायाचं बोट अडकून ओळच्या ओळ निघते. उसवताना उलट बाजूचा दर चौथा टाका कापा आणि सुलट बाजूचा दोरा ओढा, तो अख्खा निघून येतो.