फुसका बार होऊ नये म्हणून

घरच्या गराजात पिस्तुलाची काडतुसं भरायची, तर आधी दिवा. काडतुसं भरायच्या प्रेसच्या चौकटीत बसणारा छोटा एलईडी, बुलेट (पुढची गोळी) ठेवायच्या आधी पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, तळापर्यंत उजेड जाईल असा. मी तो ‘पुढच्या ऑर्डरमध्ये बघू’ म्हणून टाळला. नंतर डॅलसजवळच्या शूटिंग रेंजवर माझ्या नाइन एमएम पिस्तुलातून ‘धाड’ऐवजी ‘फट्’ झालं. हाताला धक्काच नाही. मला वाटलं प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) मेला असेल, म्हणून स्लाइड ओढून पुढचा राउंड चढवायला निघालो, तेवढ्यात शेजारच्या लेनवरचे म्हातारबुवा ‘स्टॉप!’ म्हणून ओरडले. पुंगळीत पावडर नव्हतीच. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकली होती. तिच्यामागून दुसरी झाडली असती तर बॅरल फुटली असती आणि हे मी एका हाताने टाइप करत असतो.

दिव्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे : तुमचा व्हिसा कोणता? एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूकच काय, ॲम्युनिशनही बाळगता येत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत सुटी पुंगळी, प्रायमर, पावडर, बुलेट हे सगळं ॲम्युनिशनच. ‘मी नुसते पार्ट घेतलेत’ हे चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा.

चष्मा. यावर वाद नको.

टेबल भिंतीला बोल्टने आवळलेलं हवं. घडीचं टेबल हललं की पावडर सांडते, आणि प्रायमर बसताना हँडलमधून हाताला जी जाणीव होते ती जाते. निम्मं ट्रबलशूटिंग त्या जाणिवेवरच चालतं. प्रेसचे बोल्ट आणि शेलप्लेटचा, म्हणजे पुंगळ्या एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर नेणाऱ्या चकतीचा, मधला बोल्ट दर वेळी तपासा. प्लेट ढिली राहिली की पुंगळी कलते आणि प्रायमर वर राहतो, फार आवळली तर प्लेट फिरत नाही. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसायला हवा. बोट फिरवलं की कळतं.

टेबलावर पावडरचा एकच डबा. आपल्याकडच्या जुन्या शब्दात सांगायचं तर दारू एकच, आणि पिण्याची तर अजिबात नाही. हॉपरमध्ये (प्रेसवरच्या पावडरच्या भांड्यात) आदल्या वेळची पावडर राहिली असेल आणि कोणती ते आठवत नसेल, तर ती ओळखायच्या भानगडीत पडू नका, वापरू नका. भार, म्हणजे एका पुंगळीत टाकायची पावडर, छापील मॅन्युअलमधलाच, आणि तिथे दिलेल्या सुरुवातीच्या आकड्यापासून. कुणी तोंडी सांगितलेला नको. शक्यतो अशी फुगीर पावडर घ्या की एका भारात पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल. म्हणजे चुकून दोनदा पडली तर ती काठावरून सांडते आणि दिसते. दिसते, म्हणजे दिवा असेल तर!

तराजू चालू करून थोडा वेळ तापू द्या, चेक-वेट (ठरलेल्या वजनाचं माप) ठेवून बघा आणि गराजातला पंखा बंद करा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण एका पाउंडात ७००० ग्रेन असतात. ग्रेनच्या दशांशाने मोजायचं तर वाऱ्याची झुळूकही आकडा हलवते. पहिले दहा भार तोलून परत हॉपरमध्ये ओता.

ब्रास, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या, निवडायला कंटाळा येतो, मलाही येतो. तरी .३८० च्या (दुसऱ्या मापाच्या काडतुसाच्या) पुंगळ्या काढाच. त्या नाइन एमएममध्ये बेमालूम मिसळतात, लांबीला मात्र आखूड असतात, ०.६८० इंच. नाइनची ०.७५४ पर्यंत जाते. लष्करी ब्रासमध्ये प्रायमरच्या खाचेची कड दाबलेली असते, ती आधी साफ केली नाही तर प्रायमर चेमटतो आणि हँडल अडतं.

आता अडण्याबद्दल, कारण माझं तिथेच चुकलं. हँडल अडलं की जोर लावायचा नाही. खाली जिवंत प्रायमरची चळत आहे. बघा : जुना प्रायमर तो ढकलून काढणाऱ्या पिनला चिकटून परत वर आलाय का, पिन मोडलीय का, नवा प्रायमर बसवणाऱ्या पंचवर पावडरचे कण साचलेत का (याला एक जुना टूथब्रश जवळ ठेवा). मी हे सगळं नीट केलं. चेमटलेला प्रायमर काढला, दोन पुंगळ्या उचलल्या, आणि परत ठेवताना त्यातली एक चुकून एका घराने पुढे ठेवली. पावडर पडते त्या स्टेशनवर ती थांबलीच नाही. ट्यूबलाइट माझ्या पाठीमागे, डोक्याची सावली प्रेसवर, पुंगळीच्या तोंडात नुसता काळोख. मी त्यावर निवांत बुलेट ठेवली आणि हँडल ओढलं.

म्हणून दोन गोष्टी. काहीही अडलं, फोन वाजला, बायकोने जेवायला हाक मारली, की शेलप्लेट पूर्ण रिकामी. अर्धवट भरलेलं सगळं एका वेगळ्या डब्यात. माझ्या डब्यावर ‘संशयित’ लिहिलंय. त्यातली पावडर परत हॉपरमध्ये, पुंगळ्या पहिल्यापासून. आणि दुसरी गोष्ट, दिवा. प्रत्येक पुंगळीत डोकवायचं, मगच बुलेट. पावडरची पातळी चुकली की वाजणारं पावडर-चेक मिळतं, जरूर लावा, पण ते दिव्याच्या बदली नव्हे.

सुरुवातीला एकच पुंगळी सगळ्या स्टेशनांतून फिरवा. एकदम पाचही भरू नका, काय कुठे बिघडतंय ते कळत नाही. डिलन ५५० सारख्या प्रेसवर प्लेट हाताने फिरवावी लागते. तिथे फिरवायला विसरलात की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते, म्हणजे डोकावणं दुप्पट.

बाकी भराभर. पिस्तुलाची सुटी बॅरल हातात धरून राउंड आत सोडा, ‘टक्’ करून बसला आणि उलटं केल्यावर आपोआप पडला तर ठीक. खोक्यावर तारीख, पावडर, भार, बुलेट. हात साबणाने धुवा, जुन्या प्रायमरमध्ये शिसं असतं. लहान मुलं गराजात नकोत. रेंजवर आवाज फुसका आला तर थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, बॅरल बघून घ्या. आत काही अडकलं असेल तर पितळी गजाचं काम आहे, दुसऱ्या गोळीचं नव्हे.

आणि डिसेंबरात पुण्याला जाताना रेंजची बॅग सामानासाठी घेऊ नका. भारतात विमानतळावर तळाशी एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा लागतो. बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. उजेडात.