शांतीचं वचन भिंतीवर लावण्याआधी

आमच्या नगरकडे ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत नव्या वर्षाच्या वाग्दत्त वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात, आणि कुणाच्या ना कुणाच्या चिठ्ठीत बायबलमधलं फिलिप्पै ४:७ निघतंच, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सातवं वचन. बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, ते. मग ते लॅमिनेट होऊन टीव्हीच्या वर जातं. जाऊ दे, चांगलंच आहे. पण महिला मंडळात मी शास्त्राचा वर्ग घेते, तिथे माझा पहिला नियम असा: शांतीचं वचन सुटं वाचायचं नाही. त्यावर बोट ठेवायचं आणि पाच वचनं वर सरकायचं.

वर काय सापडतं? भांडण. दुसऱ्या वचनात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायका आहेत. दोघी साध्यासुध्या नव्हेत, सुवार्तेच्या कामात पौलाच्या बरोबरीने झटलेल्या. आता त्यांचं पटत नाही. कशावरून बिनसलं ते पौल सांगत नाही, आणि वर्गात त्यावर तर्क लढवायला मी बंदी घातली आहे, कारण तेवढ्यात आमचा तास संपतो. बघायचं ते वाक्य कसं लिहिलंय ते. ‘युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेला विनंती करतो.’ विनंती एकदाच करून भागलं असतं, पण त्याने प्रत्येकीला वेगळी केली. चूक कुणाची, हे ठरवलं नाही. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं; दोघी बहुधा तिथेच बसलेल्या असणार. पुढच्याच वचनात तो आपल्या एका सोबत्याला सांगतो, या दोघींना मदत कर. म्हणजे मध्ये पडणारं माणूसही लागतं. हे सगळं तो बेड्यांत असताना लिहितोय, पहिला अध्याय काढून बघा. आता सातवं वचन पुन्हा वाचा. टीव्हीच्या वर ते जेवढं गुळगुळीत दिसतं, तेवढं ते नाही.

दुसरं काम म्हणजे घरातला अबोला ओळखायचा. एका घरात दोन जावा. सासूच्या पाटल्या कुणाकडे गेल्या यावरून बोलणं बंद. एकमेकींना निरोप द्यायचा तर पोरांमार्फत. दोघी रविवारी एकाच बाकावर, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आमच्यात काही नाही हो, शांती आहे.’ अशा शांतीबद्दल यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ६:१४ मध्ये, कडक शब्द आहेत. लोकांची जखम वरवर बरी करतात आणि शांती, शांती म्हणतात, पण शांती कुठेच नाही. भांडणाचा आवाज येत नाही, एवढ्यावरून काही ठरवू नका. पाटल्यांचं नाव निघाल्यावर घरात काय होतं, ते बघा.

मग जायचं. मत्तय ५:२३-२४ सगळ्यांना पाठ आहे, तरी बहुतेकजण ते उलटं ऐकतात. ‘तुझ्या मनात कुणाविषयी काही असेल तर’ असं तिथे नाही. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं आठवलं तर, असं आहे. राग त्याला आलाय, पाय तू उचलायचेस. आणि हे येशू गालीलात बोलतोय, वेदी यरुशलेमेत. अंतर जवळपास नगर ते पुणे, आणि तेही पायी. अर्पण तिथेच ठेवायचं, घराकडे परत यायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढं चालत जायचं. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी डोक्याला हात लावला असेल. आपल्याला बहुतेक वेळा गल्ली ओलांडायची असते.

कसं जायचं, हे मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रमाने दिलंय. आधी एकट्याने. नाहीच ऐकलं तर एकदोघांना घेऊन. त्यानंतर मंडळी. आपला क्रम उलटा असतो: आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग पाळकसाहेब, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. एकटं जाणं म्हणजे खरंच एकटं. मोठ्या नणंदेला ‘सहज’ बरोबर नेऊ नका. जेवणाच्या वेळी जाऊ नका. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ करा’ हे वाक्य घरीच ठेवून जा, त्यातून कुणी काहीच कबूल केलेलं नसतं. काय चुकलं तेवढंच म्हणा: ‘बारशाला मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं नाही.’ आणि जाऊन लगेच प्रार्थना सुरू करू नका. प्रार्थनेतून टोमणे मारण्यात आपण पटाईत आहोत. ‘प्रभू, या बहिणीचं कठीण मन मऊ कर’ हे डोळे मिटून म्हटलं तरी भांडणच असतं. आधी बोलून घ्या, चहा होऊ द्या, मग प्रार्थना.

समोरच्याने दार लावलं तर? रोमकरांस १२:१८ मध्ये पौलाने सोय ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. इथे मी जरा थांबते, कारण शांतीच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला ‘सांभाळून घे’ म्हणत परत पाठवलेलं मी पाहिलंय. असं सांगणाऱ्यांना १ शमुवेल वाचायला लावावं. शौल राजाने भाला फेकला तेव्हा त्याच्या पदरी असलेला दावीद भिंतीशी उभा राहून स्तोत्र म्हणत बसला नाही, त्याच रात्री पळाला. पुढे २६व्या अध्यायात शौल झोपलेला असताना त्याचा भाला हाती आला, तरी त्याला इजा केली नाही. मग दूर डोंगराच्या माथ्यावर उभा राहून, मध्ये भरपूर अंतर ठेवून, त्याच्याशी बोलला. शौल म्हणाला, माझ्या मुला, परत ये. दावीदाने भाला परत दिला, पण तो स्वतः परत गेला नाही. सूड घ्यायचा नाही, आणि भाल्याच्या टप्प्यातही राहायचं नाही, दोन्ही एकाच अध्यायात आहे. जिथे हात उगारला जातो तिथे आधी बाईला आणि लेकरांना सुरक्षित जागी हलवा, पोलिसांकडे जावं लागलं तर जा. समेटाचं नंतर पाहू.

राहिली मनाची शांती. तिच्यासाठी फिलिप्पै ४:६ मध्ये काळजी, विनंती आणि आभार एकत्र आलेत. वहीच्या पानावर काळजी नाव घालून लिहा (‘पोराची फी’, नुसतं ‘अडचणी’ नको), आणि शेजारी एका गोष्टीचे आभार. एवढंच.

घरी सुरुवात करायची तर फिलेमोनाचं पत्र घ्या. एकच अध्याय, २५ वचनं. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतोय, दास म्हणून नाही, भाऊ म्हणून स्वीकार असं सांगून. आणि १८व्या वचनात पैशाचा विषय काढतो: तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. तिथे थांबा. आपल्या घरात कुणाचा कोणता हिशेब राहिलाय, पाटल्या, उसने पैसे, बहिणीचा वाटा, ते वहीत लिहा. रकमेसकट.