नागपुरात बँड काढताय? आधी गायक ऐकू येतो का ते बघा

गिटार ट्यून करता येते, चार कॉर्डवर गाणं उभं राहतं, ड्रमर मिळालाय आणि बँडच्या नावावरून भांडणंही झाली आहेत, इथवर तुम्ही आलाच आहात असं धरतो. नावाचं सोडा, ते बदलतंच.

"नागपुरात रॉक ऐकतं कोण?" हे रडगाणं तुम्ही ऐकलं असेलच. अर्धं खरं आहे. कॅफेवाल्याला हिंदी कव्हर हवी असतात, कॉलेजच्या फेस्टमध्ये तुमची वेळ डान्सच्या दोन आयटमच्या मधे कोंबलेली असते, आणि पुण्यात वाजवायचं तर रात्रभर ट्रॅव्हल्सने 700 किलोमीटर. पण आमच्या उमेदीची पहिली वर्षं खाल्ली ती यातल्या कशानेच नाही. ती खाल्ली दहा बाय बाराच्या खोलीतल्या आवाजाने. म्हणून त्यावरच जास्त बोलतो. कंटाळा आला तरी वाचा.

ड्रमसेटला आवाज कमी करायचं बटण नसतं. ड्रमर रंगात आला की गिटारवाल्याला स्वतःची गिटार ऐकू येत नाही. त्याचा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) जमिनीवर, स्पीकरचं तोंड पोटऱ्यांकडे. गिटारचा टोकदार आवाज स्पीकरमधून सरळ रेषेत समोर जातो, वर कानाकडे येतो तो नुसता गुबगुबीत उरलेला. मग तो ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो. बेसवाला कशाला मागे राहील? तोही वाढवतो. आता ड्रमरला वाटतं आपण हळू वाजवतोय, तो अजून जोरात हाणतो. या सगळ्यात गायकाच्या माइकला मर्यादा असते: ठरावीक पातळीच्या वर गेलात की माइक आपल्याच स्पीकरचा आवाज पकडतो आणि शिटी सुरू. म्हणजे सगळे वर जातात, गायक मात्र जिथल्या तिथे. तो बिचारा ओरडतो आणि तासाभरात गळा बसतो.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, त्यामुळे खोलीत कूलर हवाच. कूलरची घरघर, त्याच्या वर ड्रम, ड्रमच्या वर गिटार. आम्ही कूलरशी जुगलबंदी करत होतो, दुसरं काय! वर त्या ओलाव्याने तारा गंजायच्या त्या वेगळ्याच.

खरा घात पुढे आहे. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं. आवाज वाढला की कानाला खर्ज आणि टोकाचे सूर जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे "आज काय वाजलं बे!" म्हणत आम्ही घरी जायचो. पुढे एकदा लाइट कमी-जास्त होत होती म्हणून ॲम्प न लावता बसलो, तेव्हा कळलं की एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात बेस आणि गिटार वेगवेगळी कॉर्ड वाजवतात. हे महिनोन् महिने चाललं होतं. कोणालाच पत्ता नाही.

याचं औषध आम्हाला एका ऑर्केस्ट्रातल्या ऑक्टोपॅडवाल्या काकांनी दिलं. दारात उभं राहून त्यांनी एक गाणं ऐकलं आणि म्हणाले, "वाजवून तर सगळेच राहिले बेटा, ऐकून कोण राहिलं?"

त्यांची पद्धत अशी. सगळं बंद करून आधी फक्त माइक लावायचा. शिटी वाजेपर्यंत वाढवायचा आणि तिथून थोडा खाली आणायचा. ही तुमच्या खोलीची कमाल मर्यादा, बाकी सगळं हिच्या खाली. मग गायक आणि ड्रमर दोघेच. शब्द कळतील इतपतच ड्रम. हात हलका होत नसेल तर स्नेअरवर (समोरचा कडक वाजणारा ड्रम) जुना टॉवेल आणि किकमध्ये (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) उशी. त्यानंतर बेस. गिटार सगळ्यात शेवटी, आणि ॲम्प खुर्चीवर, कानाकडे तिरका. माइकची पाठ स्पीकरकडे हवी. त्याची जाळी मुठीत धरून गाणं स्टाइलमध्ये दिसतं, पण त्याने माइक चारही बाजूंचा आवाज घ्यायला लागतो आणि शिटी हमखास. कूलर दोन गाण्यांच्या मधे चालवा, गाण्यात बंद. गाणं कधीच न ऐकलेल्या मित्राला दारात उभं करा. त्याला कडव्याचे शब्द लिहून घेता आले तर आवाज बसला, नाहीतर पुन्हा माइकपासून सुरू करा.

कानांबद्दल गोडगोड बोलणार नाही. 85 डेसिबलला 8 तास हा सुरक्षित मानला जाणारा हिशोब, आणि दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट तिथवर सहज जातो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, घाला. कानात रात्रभर वाजणारी शिटी हा रॉकस्टार झाल्याचा पुरावा नव्हे. आणि शेजारच्या काकू उगाच भांडत नाहीत: निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. परीक्षेच्या दिवसांत तर आपणहून सुट्टी घ्या, पुढे वर्षभर त्याच सांभाळून घेतात.

पेडल, म्हणजे गिटारचा टोन बदलणारे पायाने दाबायचे डबे, विकत घ्यायची घाई करू नका. "असा टोन मिळवा"छाप व्हिडिओंनी आपल्या गिटारवाल्यांचा जितका पैसा घालवला तितका सिगरेटनेही घालवला नसेल. तेवढ्यात जॅमरूमचे कितीतरी तास येतात. शिकायचंच तर गणपती-नवरात्रात वाजवणाऱ्यांच्या मागे उभे राहा. भिकार साउंडवर, ऐन वेळी स्केल बदलून, मांडवातल्या गर्दीला धरून ठेवणारी ही माणसं आहेत. आपल्यातले काही जण त्यांना नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

स्वतःचं गाणं केलंत तर शब्द कोणाचे आणि चाल कोणाची हे त्याच आठवड्यात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्तीत कशाला कागद, असं वाटेल. घ्याच.

आणि फायनल इयरला बँड फुटणार. एकाला पुण्यात नोकरी लागते, एकाला बंगळुरूला, आणि इथेच नागपुरात, मिहान प्रकल्पातल्या कंपनीत लागलेल्याची शिफ्ट नेमकी रविवारी असते. खचू नका, हे सगळ्यांचंच होतं. त्याची सोय आधीपासून करा: प्रत्येक गाण्याचा टेम्पो, स्केल, कुठे थांबायचं आणि कुठे किती मात्रांनी उचलायचं, हे एका वहीत असू द्या. प्रॅक्टिसचं फोनवरचं रेकॉर्डिंगही ठेवा. आवाज आटोक्यात असेल तर त्यात सगळं नीट ऐकू येतं. नवा ड्रमर आला की वही आणि रेकॉर्डिंग त्याच्या हातात द्या, पहिली दोन गाणी घरून बसवून आणायला सांगा, आणि खोलीत आल्यावर पुन्हा आधी माइक लावा.