शेजाऱ्याशी न भांडता मधलं कुंपण कसं घालायचं

नेरूळ-कोपरखैरण्याची रो हाऊस असोत की ठाण्यात नौपाड्यातला जुना बंगला, कुंपणाचं काम काढताना लोक आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करतात आणि शेजाऱ्याला कळतं ते डायरेक्ट विटा उतरल्यावर. इथेच गडबड होते.

१. आधी कागद काढा. सिडकोचा प्लॉट असेल तर लीज डीडचा (भाडेपट्ट्याच्या कराराचा) नकाशा, नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा. जुनं कुंपण आहे तीच हद्द असं धरून चालू नका. डाऊट असेल तर भूमी अभिलेखला, म्हणजे जमिनीची मोजणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला, मोजणीचा अर्ज करा, आणि खुणा करताना शेजारी समोर असू द्या, नंतर "माझ्या मागे दगड सरकवला" हे ऐकायला नको.

२. मग बोलायला जा. "काकू, मधली भिंत पडायला आलीये, दिवाळीनंतर नवीन बांधावी म्हणतोय, तुमचं काय म्हणणं?" बस. "उद्यापासून माणसं येतायत" ही माहिती झाली, विचारणं नाही. भिंत बरोबर हद्दीवर येणार असेल तर निम्म्या खर्चाचं विचारून बघा, पण नाही म्हणाले तर तोंड पाडू नका. जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा.

३. उंची. समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून वर साधारण १.५ मीटरपर्यंत चालते, २.४ पर्यंत न्यायची तर वरचा ०.९ मीटर जाळी किंवा ग्रिल हवं. पालिकेच्या नगररचना विभागात एकदा विचारून घ्या. आणि खरं सांगू, आपल्याकडच्या दमट हवेत उंच बंद भिंत म्हणजे काकूंच्या ओट्यावरचा वारा गेलाच.

४. पाणी. याचा विचार कोणीच करत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की कळतं, पाणी इतकी वर्षं तुमच्या अंगणातून त्यांच्याकडे किंवा उलटं वाहत होतं आणि आता तिथे भिंत आहे. बांधायच्या आधी एक बादली ओतून उतार बघा, भिंतीत खाली पाइपचे तुकडे टाकून भोकं ठेवा, आणि ड्रेनेजचं चेंबर हद्दीजवळ असेल तर त्यावर पाया अजिबात नको, तुंबलं की दोन्ही घरांचे हाल.

५. मध्ये झाड येत असेल तर पालिकेच्या परवानगीशिवाय तोडू नका, स्वतःचं असलं तरी.

६. काम चालू असताना दुपारी ग्राइंडर बंद, त्यांच्याकडे पडलेलं डेब्रिज रोजच्या रोज उचलायचं. प्लास्टर दोन्ही बाजूंनी करा, त्यांना उघड्या विटा आणि तुम्हाला गुळगुळीत भिंत असं नको. त्यांच्या बाजूचा रंग त्यांनाच निवडू द्या, अगदी पोपटी म्हणाले तरी.